आधी शिबिर, मग सायकल : निसर्ग शिबिरांच्या निधीसाठी गोव्यात दोन दिवसांची सायकलफेरी कशी आखावी

पावसाळा सरला की गोव्यातल्या कुठल्या ना कुठल्या गटात हा विषय निघतोच. मुलांना जंगलात न्यायचे आहे, पैसे नाहीत, आपण सायकल चालवतो, तर लांबची फेरी काढून निधी जमवूया. हेतू चांगला असतो आणि मेहनतीलाही कोणी कमी पडत नाही. चुकतो तो क्रम. पहिल्या बैठकीत मार्ग ठरतो, दुसऱ्या बैठकीत जर्सीचा रंग. शिबिर कुठे, किती मुलांचे आणि त्याला लागणार किती, हा हिशेब फेरी संपल्यावर सुरू होतो.

आम्हीही पहिल्या वर्षी हेच केले. सव्वीस जण दोन दिवस राबले, पैसेही बरे जमले. पण टी-शर्ट, टेम्पो, नाश्ता आणि बॅनर त्याच पैशांतून गेले. मुलांना कबूल केलेले दोन दिवसांचे निवासी शिबिर अर्ध्या दिवसाच्या जंगलफेरीवर आले. ते मुलांना सांगताना जी लाज वाटली, ती मी विसरलेलो नाही. म्हणून हा लेख सायकलपासून नव्हे, शिबिरापासून सुरू होतो.

उदाहरण म्हणून चाळीस स्वार, दोन दिवस आणि पणजी ते काणकोण हा आतल्या बाजूचा मार्ग धरला आहे. तुमचा गट लहान असला तरी टप्प्यांचा क्रम हाच ठेवा.

टप्पा १ : शिबिराचा कागद (फेरीच्या चार महिने आधी)

एका पानावर पाच गोष्टी लिहा: शिबिराची जागा, मुलांची संख्या, तारीख, जबाबदार संस्था आणि खर्च. हे पान पूर्ण होईपर्यंत सायकलचा विषय काढू नका.

जागा. मोले, बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी, चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य या सगळ्या वन खात्याच्या अखत्यारीतल्या जागा आहेत. तिथे मुलांना न्यायचे तर लेखी परवानगी लागते, आणि ती शाळेच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या लेटरहेडवर मागावी. अर्जात मुलांची संख्या, वयोगट, सोबतचे मोठे, येण्या-जाण्याची वेळ आणि मुक्काम असल्यास तोही लिहा. फोनवर कोणी "या, काही अडचण नाही" म्हणाले तरी कागद हातात येईपर्यंत तारीख जाहीर करू नका.

तारीख. शाळांच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा, नाताळची सुट्टी आणि स्नेहसंमेलने वगळली की जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा उरतो. त्यातूनच निवडा.

खर्च. बस, जेवणे, मुक्काम, मार्गदर्शकांचे मानधन, विमा, प्रथमोपचार आणि साहित्य यांच्या ओळी वेगवेगळ्या मांडा. शेवटी बेरजेच्या दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी धरा. बसचा भाव दोन ठिकाणांहून लेखी घ्या. साहित्याच्या ओळीत काटकसर करू नका, याचे कारण मी पाहिले आहे. चाळीस मुलांत आमच्याकडे दोनच दुर्बिणी होत्या. चोडणच्या कांदळवनात एक खंड्या फांदीवर बसला होता. पहिल्या मुलीने दुर्बीण डोळ्यांना लावली, तिला तो सापडेपर्यंत अर्धे मिनिट गेले. मागे अठरा जण रांगेत. चौथ्याच्या हातात दुर्बीण आली तेव्हा फांदी रिकामी होती, आणि उरलेल्यांनी ती रिकामी फांदीच पाहिली. चार मुलांमागे एक दुर्बीण हवी. विकत घेता येत नसतील तर पक्षिनिरीक्षकांकडून दोन दिवसांसाठी मागून घ्या, पण संख्या कमी करू नका.

माणसे. आठ ते दहा मुलांमागे एक जबाबदार मोठा माणूस. मुली असतील तर स्त्री स्वयंसेविका हव्यातच. पालकांचे संमतिपत्र, मुलाची ॲलर्जी आणि चालू औषधे ही माहिती आधीच घ्या.

सावधान: सत्तरीच्या काही भागात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडीतून पसरतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे असतो, म्हणजे नेमका आपल्या शिबिरांचा हंगाम. जागा नक्की करण्याआधी तिथल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. मुलांना पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांच्या थरात, बसवू-लोळवू नका. पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लावा, पँटचे पाय मोज्यांत खोचा. घरी गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि अंगावर गोचीड आहे का याची तपासणी करायला पालकांना लेखी सांगा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य आणि वन खात्याला कळवा.

तपासा: शिबिराला लागणारी रक्कम एका आकड्यात सांगता येते का? येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा २ : दोन वेगळे हिशेब

शिबिराचा निधी आणि फेरीचा खर्च यांचे हिशेब कधीही एकत्र करू नका. सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

फेरीचा खर्च स्वारांच्या प्रवेश शुल्कातून किंवा प्रायोजकाकडून भागवा. समजा मदतीची वाहने, जेवण, मुक्काम, विमा आणि दुरुस्ती मिळून ६०,००० रुपये होतात आणि स्वार चाळीस आहेत, तर शुल्क १,५०० रुपये. ते जास्त वाटत असेल तर टी-शर्ट काढून टाका. देणगीदाराने मुलांसाठी दिलेला रुपया मुलांपर्यंतच जायला हवा, आणि तसे त्याला पहिल्याच वाक्यात सांगता यायला हवे.

निधी कोणाच्या खात्यात घ्यायचा? कुठल्याही सभासदाच्या वैयक्तिक खात्यात किंवा त्याच्या फोनवरच्या यूपीआयवर घेऊ नका. माणूस कितीही विश्वासाचा असला तरी हिशेब मागताना संकोच होतो, आणि ती रक्कम त्याच्या उत्पन्नात दिसते. तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर शिबिर चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेशी लेखी करार करा. पैसा थेट संस्थेच्या खात्यात, क्यूआर कोड संस्थेचा, पावती संस्थेची. किती रक्कम कशावर खर्च होईल, कमी जमली तर काय आणि जास्त जमली तर काय, हेही करारात लिहा.

करसवलतीबद्दल लोक हमखास विचारतात. तेव्हा तीन गोष्टी नीट सांगा. पहिली, सवलत मिळते ती संस्थेला आपण ८०जी म्हणून ओळखतो ती मान्यता असेल तरच. दुसरी, २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीला पात्र नसते आणि प्रमाणपत्रासाठी देणगीदाराचा पॅन लागतो. तिसरी बहुतेक जण सांगायला विसरतात: नव्या करप्रणालीत असलेल्याला ही वजावट मिळत नाही. हे आधीच सांगितलेत तर मार्च महिन्यात नाराजीचे फोन येत नाहीत.

सावधान: गोव्यात प्रत्येकाचे कोणी ना कोणी बाहेर असते, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आखातात नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. पण ज्याने पोर्तुगीज किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी कायद्याने विदेशी ठरते, मग तो तुमचा सख्खा मामा का असेना आणि त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड का असेना. अशी देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. संस्थेकडे ती नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. पैसे इथल्या चुलतभावाच्या खात्यातून फिरवून आणण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका.

टप्पा ३ : फेरीची तारीख

ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस कोसळतो. मार्चपासून उकाडा आणि दमटपणा इतका वाढतो की नवख्या स्वाराला ऐंशी किलोमीटर झेपत नाहीत. मधल्या काळात नोव्हेंबरच्या अखेरीस पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, ३ डिसेंबरला जुने गोव्याचे फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव) आणि नाताळ ते नववर्ष पर्यटकांच्या गाड्या. माझ्या मते डिसेंबरचा दुसरा किंवा तिसरा शनिवार-रविवार सर्वांत बरा. नाही जमला तर जानेवारीचा दुसरा आठवडा. मार्गावरच्या गावांची जत्रा, कालोत्सव त्या दिवशी नाही ना, हे गावातल्याच कोणाला तरी विचारा. ते कुठल्याही ॲपवर कळत नाही.

टप्पा ४ : मार्ग आखा आणि स्वतः चालवून पाहा

पहिला दिवस: पणजी, रायबंदर, फेरीबोटीने चोडण, मये, डिचोली, साखळी, होंडा, वाळपई, उसगाव, धारबांदोडा, मोले. साधारण ८५ किलोमीटर.
दुसरा दिवस: मोले, धारबांदोडा, सावर्डे, कुडचडे, केपे, बाळ्ळी, करमल घाट, काणकोण. साधारण ७५ किलोमीटर.

किनाऱ्याचा मार्ग मी मुद्दाम घेत नाही. तिथे भाड्याच्या गाड्यांची गर्दी आहे, आणि ज्या जंगलासाठी पैसे जमवतो ते तिथून दिसतही नाही.

नकाशावरून मार्ग ठरवला की महिनाभर आधी दोघांनी तो त्याच वारी, त्याच वेळेला सायकलने पार करावा. मोटारसायकलने पाहणी करून भागत नाही. गतिरोधक, रस्त्याच्या कडेची खडी, अचानक अरुंद होणारे पूल आणि कुत्री ही सायकलवरच कळतात. पाहणीत या जागा खास तपासा:

फेरीबोट. चाळीस सायकली आणि रोजची वाहने एका खेपेत मावतील असे धरू नका. दोन-तीन खेपा धरा आणि वेळापत्रकात पाऊण तास वेगळा ठेवा. धक्क्याच्या उतारावर शेवाळ असते, तिथे सायकल हातात धरूनच चालायचे. आधी मोठी वाहने उतरू द्यायची.

साखळी-होंडा आणि सावर्डे-कुडचडे पट्टा. खनिज वाहतूक चालू असेल तेव्हा इथे ट्रकांची रांग लागते आणि लाल धूळ डोळ्यांत जाते. वाहतूक कोणत्या वेळेत चालते ते स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून वेळ जुळवा. स्वारांना साधा पारदर्शक चष्मा आणि नाकावर बांधायला रुमाल सांगा.

करमल घाट. उंची फार नाही, पण वळणे आंधळी आहेत आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ ची सगळी अवजड वाहतूक याच रस्त्याने जाते. फेरीतली खरी धोक्याची जागा ही. सगळ्यांना बाळ्ळीला थांबवा, आठ-आठ जणांचे गट करा, पाच मिनिटांच्या अंतराने सोडा. उतारावर ओव्हरटेक बंद. ज्याचे ब्रेक मनासारखे लागत नाहीत त्याने टेम्पोत बसायचे, यावर चर्चा नाही.

सावधान: मार्गपत्रिकेवर नुसते "तिस्क" लिहू नका. गोव्यात तिठ्याला तिस्क म्हणतात आणि या एकाच भागात फोंड्याचे तिस्क आहे, उसगावचे आहे, धारबांदोड्याचेही आहे. आमचा एक स्वार चुकीच्या तिस्कावर तासभर आमची वाट पाहत बसला होता. गावाचे पूर्ण नाव आणि ओळखीची खूण, जसे देऊळ, पेट्रोल पंप किंवा पंचायत घर, दोन्ही छापा. पत्रिका कागदाचीच हवी, कारण मोले परिसरात आणि घाटात रेंज जाते.

परवानग्या याच टप्प्यात मागा. मार्ग ज्या ज्या जिल्ह्यांतून जातो तिथले जिल्हाधिकारी कार्यालय, वाहतूक पोलीस, थांब्याच्या जागांच्या पंचायती आणि अभयारण्याच्या हद्दीतून जाणार असाल तर वन खाते. प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि मार्गदर्शक गाडीत एक फाईल ठेवा.

टप्पा ५ : निधी मागणे (फेरीच्या आठ आठवडे आधीपासून)

पैसा फेरीच्या दिवशी जमत नाही, आधीच्या आठ आठवड्यांत जमतो. फेरीच्या दिवशी स्वार दमलेला असतो आणि देणगीदार नंतर देतो म्हणतो. ते नंतर सहसा येत नाही.

दर किलोमीटरमागे पाच-दहा रुपये असे वचन घेण्याची पद्धत ऐकायला छान आहे, पण ती टाळावी असे माझे ठाम मत आहे. स्वार ११० व्या किलोमीटरला आजारी पडला तर पैसे किती? त्याहून वाईट म्हणजे, आकड्यापायी तो थांबायला तयार होत नाही. गुडघा सुजलेला असतानाही पेडल मारणारा माणूस मी पाहिला आहे. ठरावीक रक्कम मागा आणि फेरीआधी खात्यात घ्या.

मागताना शिबिराचा हिशेब पुढे ठेवा. "एका मुलाचा दोन दिवसांचा खर्च इतका, तुम्ही किती मुलांना पाठवाल?" या प्रश्नाला माणूस आकड्यात उत्तर देतो. "काहीतरी मदत करा" म्हटले की शंभराची नोट निघते. प्रत्येक स्वाराने पंधरा नावांची यादी करावी: नातेवाईक, वाड्यावरचे शेजारी, कार्यालयातले सहकारी, नेहमीचा किराणावाला. आधी भेट, मग फोन, आणि संदेश सर्वांत शेवटी. दोनदा आठवण करून द्या, तिसऱ्यांदा नको.

तपासा: फेरीला दोन आठवडे असताना लक्ष्याच्या साठ टक्के रक्कम खात्यात आहे का? नसेल तर मुलांची संख्या किंवा शिबिराचे दिवस आत्ताच ठरवून कमी करा आणि शाळेला कळवा.

टप्पा ६ : सराव

दहा आठवडे द्या. गोव्यात मोठे घाट थोडेच, म्हणून सराव सोपा असेल असे समजू नका. खाडीच्या बांधावरून सड्यावर आणि सड्यावरून पुन्हा खाली, असे लहान पण उभे चढ दिवसभर येत राहतात आणि तेच पाय संपवतात.

आठवड्यात दोन दिवस तासभर आणि रविवारी एक लांब फेरी. रविवारचे अंतर तिसापासून सुरू करून दर आठवड्याला चार-पाच किलोमीटरने वाढवा. आठव्या आठवड्यात शनिवारी सत्तर आणि लगेच रविवारी पन्नास करा. हा जोड-दिवस कोणी चुकवू नये. ताज्या पायांनी ८५ किलोमीटर पुष्कळ जण करतात; दुसऱ्या सकाळी ठणकत्या मांड्या घेऊन पुन्हा खोगिरावर बसणे वेगळे असते. नवव्या आठवड्यात अंतर निम्मे, दहाव्यात फक्त हलकी चक्कर.

नेहमीच्या चुका: जड गिअरवर जोर लावून चालवणे (हलका गिअर ठेवा, पेडलचे मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे पडू द्या), पॅडवाल्या शॉर्टच्या आत चड्डी घालणे, ज्याने शिवण घासून जखम होते, आणि नवीन बूट, नवीन सीट थेट फेरीच्या दिवशी वापरणे. सीटची उंची अशी बघा: टाच पेडलवर, पेडल सर्वांत खाली, गुडघा सरळ. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात किंचित वाक राहतो.

मधुमेह, रक्तदाब किंवा छातीचा त्रास असेल, किंवा वय चाळिशीच्या पुढे असून बराच काळ व्यायाम नसेल, तर डॉक्टरांना दाखवून मगच नाव नोंदवा.

टप्पा ७ : सायकल

खाऱ्या हवेत गॅलरीत उभी राहिलेली सायकल बाहेरून चांगली दिसते आणि केबल आतून गंजलेली असते. म्हणून तीन आठवडे आधी दुकानात द्या, आदल्या दिवशी नको. ब्रेक व गिअरच्या केबल, ब्रेक पॅड, चेन, टायरच्या कडांवरच्या चिरा एवढे पाहून घ्या. दुरुस्तीनंतर किमान शंभर किलोमीटर चालवा, म्हणजे नवी केबल ताणली जाऊन बसते आणि पुन्हा आवळता येते.

हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत ठेवा. हायब्रिड सायकलच्या रुंद टायरला रोड बाइकइतकी हवा भरली तर आपल्या खड्ड्यांत हात बधिर होतात.

प्रत्येक स्वाराजवळ दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, पॅच आणि षटकोनी चाव्यांचा संच हवा. मदत गाडीत प्रेस्टा आणि श्रेडर दोन्ही व्हॉल्व्हना चालणारा मोठा पंप. हे तपासून घ्या. एकाच प्रकारचा पंप आणून अर्ध्या सायकली रस्त्यात उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

पंक्चर काढताना घाई होते आणि एक पायरी गळते. होंड्याजवळ आमच्यातल्या एकाची अर्ध्या तासात तीनदा हवा गेली. दर वेळी नवी ट्यूब टाकली, दर वेळी शंभर-दोनशे मीटरवर चाक बसले. शेवटी एका वयस्क स्वाराने टायर पूर्ण उतरवला आणि आतून बोटाची पेरे हळूहळू फिरवली. एका जागी थांबला, नखाने ओढले, तर केसाएवढी बारीक तार निघाली. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली. बाहेरून ती दिसतच नव्हती. तेव्हा क्रम असा: जुनी ट्यूब काढा, तिच्यात हवा भरून भोक शोधा, व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते टायरशी जुळवून बघा, टायरच्या आतून बोट फिरवा, काटा किंवा तार काढा, आणि मगच नवी ट्यूब.

टप्पा ८ : आदला दिवस

संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बोलावा आणि सायकल सोबत आणायला लावा. हवा, ब्रेक, चेन, दिवे तपासा. हेल्मेट नसलेल्याला सकाळी सोडायचे नाही हे तेव्हाच सांगा. रक्तगट, औषधे आणि घरचा नंबर असलेले पत्रक बंद पाकिटात शेवटच्या गाडीत ठेवा. १०८ रुग्णवाहिका आणि ११२ हे क्रमांक मार्गपत्रिकेवर छापा. साखळी, वाळपई, फोंडा, कुडचडे आणि काणकोण इथली सरकारी रुग्णालये किंवा आरोग्य केंद्रे कुठे आहेत ते गाडीवाल्यांना दाखवून ठेवा. गंभीर दुखापतीत बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय.

रात्री नेहमीचेच जेवण, फक्त भात-पोळी थोडी जास्त. दारू नको. हे सांगावे लागते.

टप्पा ९ : फेरीचे दोन दिवस

वेळेचा हिशेब असा करा. सरासरी ताशी १५ किलोमीटर, म्हणजे ८५ किलोमीटरला पाच तास चाळीस मिनिटे. थांब्यांचे एक तास वीस मिनिटे. फेरीबोटीचा पाऊण तास. एकूण पावणेआठ. साडेसहाला निघालात तर शेवटचा गट सव्वादोनला मोल्याला पोचेल. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा लागतोच. वाळपईच्या बाजूला सकाळी धुके आणि दंवाने ओला झालेला रस्ता मिळू शकतो. दुसऱ्या दिवशी मोल्याहून निघतानाही तेच.

आठ जणांचे पाच गट करा. प्रत्येक गटाला पुढे एक आणि शेवटी एक अनुभवी स्वार. शेवटच्याच्या मागे कोणी राहायचे नाही, पुढच्याच्या पुढे कोणी जायचे नाही. एकेरी रांग. पुढच्याने खड्डा पाहिला की ओरडायचे, "खड्डो!", मागच्याने गाडी पाहिली की "गाडी फाटल्यान!" (कोकणीत, मागून गाडी). हा निरोप प्रत्येकाने पुढे द्यायचा. रेल्वे रूळ आडवे आले तर चाक काटकोनात न्या. तिरपे घातले की फटीत अडकते. शंका असेल तर उतरा.

मदत गाड्या दोन. एक पुढच्या थांब्यावर पाणी घेऊन उभी, दुसरी सर्वांच्या मागे. मागच्या गाडीने स्वाराच्या पाठीला चिकटून रांगत जायचे नाही, कारण मागची वाहतूक चिडते आणि आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करते. स्वार पुढे जाऊ द्या, मग दोन-तीन किलोमीटर एकदम जाऊन सुरक्षित जागी थांबा.

खाणे-पिणे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट-घोट. नुसते पाणी ढोसत राहिले आणि मीठ पोटात गेले नाही तर डोके दुखते, मळमळते, हाताची बोटे सुजल्यासारखी वाटतात. ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले आमसुलाचे सरबत द्या. दर पाऊण तासाला थोडे खायचे: केळे, चिक्की, खजूर. सकाळी निघताना नाचणीची तिजण किंवा उकड्या तांदळाची पेज पोटाला हलकी पडते आणि टिकते. वाटेत भाजी-पाव चालेल. मिरची भजी मुक्कामाला पोचल्यावर.

सावधान: उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर तो दमला आहे असे म्हणून बसवून ठेवू नका. सावलीत आडवे करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.

कट-ऑफ, म्हणजे टप्पा गाठायची शेवटची वेळ, आधी जाहीर करा आणि पाळा. पहिल्या दिवशी दुपारी बारापर्यंत वाळपई न सोडलेला स्वार गाडीत. दुसऱ्या दिवशी दुपारी एकनंतर कोणालाही करमल घाटात सोडू नका. हे सांगणारा माणूस एकच असावा आणि त्याच्या शब्दावर कोणी वाद घालू नये.

जंगलातून जाताना स्पीकर, ड्रोन, फटाके नाहीत. माकडांना केळे देणारा स्वार शिबिरातल्या मुलांना काय शिकवणार? थांब्यांवर पिंपातले पाणी, प्रत्येकाची स्वतःची बाटली, कागदी पेला नाही. शेवटच्या गाडीत पोते ठेवा आणि प्रत्येक थांबा सोडताना एक फेरी मारा.

टप्पा १० : फेरीनंतरचे पंधरा दिवस

बहुतेक गट इथेच सैल पडतात. दमलेले असतात, फोटो टाकून झालेले असतात, आणि हिशेब मागे राहतो.

पहिल्या तीन दिवसांत ज्यांनी वचन दिले पण पैसे दिले नाहीत त्यांना फोन. आठव्या दिवसापर्यंत फेरीचा खर्च बंद करून बिले क्रमाने लावा. प्रवेश शुल्कातून काही उरले तर ते शिबिराच्या खात्यात टाका. पंधराव्या दिवसाच्या आत प्रत्येक देणगीदाराला एक पान पाठवा: किती जमले, कशावर खर्च होणार, शिबिर कोणत्या तारखेला. दोनशे रुपये देणाऱ्यालाही तेच पान आणि वीस हजार देणाऱ्यालाही तेच. पॅन दिलेल्यांना करसवलतीचे प्रमाणपत्र कधी मिळेल, हे संस्थेला विचारून त्याच पानावर लिहा.

शिबिराच्या दिवशी स्वारांपैकी चार-पाच जणांना स्वयंसेवक म्हणून बोलवा. त्यांना आधी टप्पा १ मधला गोचिडीचा इशारा वाचायला द्या. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकू नका. शिबिर संपल्यावर तीन दिवसांत खर्चाचे अंतिम पत्रक करा आणि देणगीदारांना दुसरे पान पाठवा. त्यात ठरलेला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी-शेजारी असू दे, फरक पडला असेल तर कारणासह.

त्याच आठवड्यात मार्गपत्रिकेची एक प्रत घेऊन बसा आणि नवे गतिरोधक, बंद पडलेला नळ, हलवलेला थांबा, फेरीबोटीला लागलेला खरा वेळ पेन्सिलने लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर यातले काहीच आठवत नाही.